फुकटमीमांसा, अर्थात कच्च्या लिंबाचा न्याय

१. विषय

बोरिवली पश्चिमेला, बाभई नाक्यापासून पाच मिनिटांवर आमची इमारत आहे. तिच्या पार्किंगला लागून सिमेंटचा एक कट्टा आहे आणि त्यावर रोज संध्याकाळी सहा ते आठ चार मुलगे माना खाली घालून बसतात. लांबून पाहणाऱ्याला सामुदायिक अथर्वशीर्ष चालले आहे असे वाटावे. जवळ गेले की 'मागून आला, मागून आला', 'अरे रिव्हाइव्ह दे ना' असे मंत्र कानी पडतात. प्रस्तुत ग्रंथाचा उगम याच कट्ट्यावर मे महिन्यात झालेल्या एका वादात आहे.

वाद असा. चौघांपैकी एकाला वडिलांनी वाढदिवसाला गेममधला पास घेऊन दिला. त्याबरोबर त्याच्या मोबाइलमधल्या माणसाच्या अंगावर सोनेरी अंगरखा चढला आणि बंदुकीतून गोळीबरोबर ठिणग्या उडू लागल्या. बाकी तिघांची माणसे कंपनीने दिलेल्या गंजिफ्रॉकवर लढत होती. तिघे म्हणाले, "हे अनफेअर आहे." चौथा म्हणाला, "गेम फुकट आहे, पास घ्यायला तुम्हाला कोणी अडवलंय?" तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी गाडी लावून आले आणि त्यांनी कोणाचेच न ऐकता "मोबाइल बंद करा आधी" असा निकाल दिला. ही पद्धत जलद खरी, पण शास्त्रशुद्ध नव्हे.

मीमांसकांकडे अशा प्रसंगासाठी अधिकरण नावाचे साधन असते. विषय मांडायचा, संशय काढायचा, पूर्वपक्षाला पोटभर बोलू द्यायचे आणि मगच सिद्धान्ताला हात घालायचा. यज्ञातल्या एकेका पळीवर ज्या शास्त्राने पानेच्या पाने खर्ची घातली, त्याला सोनेरी अंगरखा जड जाऊ नये. गेमचे नाव मात्र प्रस्तुत लेखक घेणार नाही. दोष असलाच तर तो एका व्यक्तीचा नाही, सगळ्या जातीचा आहे.

२. संशय, आणि फुकटाचे वर्गीकरण

संशय एका ओळीचा आहे: जे फुकट दिले त्यात अन्याय संभवतो काय? उत्तराआधी फुकट म्हणजे काय ते ठरवायला हवे. मुंबईच्या उपनगरांत फुकट तीन प्रकारचे आढळते.

पहिले *उत्तरफुकट*. भाजीवाल्या मावशींकडचा कढीपत्ता आणि पाणीपुरीनंतरची सुकी पुरी या वर्गात मोडतात. आधी पैसे, मग फुकट. नुसताच कढीपत्ता मागायला गेलेल्या गिऱ्हाइकाकडे मावशी ज्या नजरेने पाहतात, ती प्रस्तुत लेखकाने संशोधनासाठी सोसली आहे.

दुसरे *पूर्वफुकट*. एप्रिलात हापूसवाला एका आंब्याची फोड सुरीच्या टोकावर धरून पुढे करतो. आधी फुकट, मग पैसे. फोड खाऊन भावही न विचारता निघून जायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही, पण पाय उचलत नाही. धंदा त्या न उचलणाऱ्या पायावर चालतो.

तिसरे *नित्यफुकट*, म्हणजे पाणपोई. आधीही पैसे नाहीत, नंतरही नाहीत. तिच्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी फरशी असते, म्हणजे जाहिरात आहेच. परंतु ओंजळ पुढे केल्यावर कैलासवासींचे चरित्र तीस सेकंद ऐकल्याशिवाय नळाला पाणी येणार नाही, अशी व्यवस्था कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

फुकट गेमचा घोटाळा इथे आहे. तो पाटी पाणपोईची लावतो, पुढे करतो हापूसची फोड, आणि काही मागायला गेलात की पाहतो कढीपत्तावाल्या मावशींसारखा.

आपल्या खाडीपलीकडचेच उदाहरण घ्या. नवी मुंबईच्या गेमेशन टेक्नॉलॉजीजने २०१६ साली 'लुडो किंग' आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोहोचला. डाउनलोडला पैसे नाहीत. कमाई जाहिरातींतून आणि आतल्या फुटकळ खरेदीतून. वास्तविक हा खेळ आपलाच. पचिशीवरून इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात लुडो बेतला, त्यात कवड्या काढून फासा घातला. ही अदलाबदल वाटते तितकी साधी नाही. कवडी एके काळी नाणेही होती. दान टाकायचे साधन आणि बाजारात चालणारे चलन एकच असल्यामुळे किती खेळलो आणि किती घालवले, याचा हिशेब एकाच मुठीत राहत असे.

३. चलनप्रकरण

आजच्या गेममध्ये रुपया चालत नाही. रुपये देऊन हिरे घ्यायचे, आणि हिरे देऊन अंगरखा. समजा, अंगरखा ६५० हिऱ्यांचा आहे, तर हिऱ्यांच्या पुड्या ५०० च्या नाहीतर १००० च्या. अंगरखा घेऊन ३५० हिरे उरतात. त्यांत काहीच येत नाही, पण टाकवतही नाहीत. म्हणून आणखी एक पुडी.

हा शोध परदेशी कंपन्यांचा मानण्याची प्रथा आहे, ती चुकीची आहे. याचे जनकत्व आमच्या किराणा दुकानदाराकडे जाते. "सुट्टे नाहीत, गोळी घ्या" हे वाक्य आभासी चलनाचा पहिला उच्चार होय. दोन रुपयांच्या जागी दोन गोळ्या हातावर येतात. दुसऱ्या दिवशी त्याच दोन गोळ्या गल्ल्यावर ठेवून "दोन रुपयांची कोथिंबीर द्या" म्हणून पाहावे. प्रस्तुत लेखकाने पाहिले. दुकानदार ती गोळी देतो, घेत नाही. हिऱ्यांचेही तेच. रुपयाचा हिरा होतो, हिऱ्याचा रुपया होत नाही. फरक इतकाच की गोळी निदान खाता येते.

याच प्रकरणात पेटाऱ्यांचा विचार केला पाहिजे. पैसे भरून बंद पेटारा घ्यायचा, आत काय निघेल ते नशीब. ज्यांचे बालपण शाळेबाहेरच्या दुकानावर गेले त्यांना फुग्यांचा पुठ्ठा आठवेल. चार आण्यात चिठ्ठी फाडायची आणि जो नंबर निघेल तो फुगा घ्यायचा. पुठ्ठ्याच्या माथ्यावर एक अवाढव्य फुगा टांगलेला असे. तो पहिलीपासून चौथीपर्यंत तिथेच होता. त्याचा नंबर पुठ्ठ्यात होता की दुकानदाराच्या खिशात, हा प्रश्न आमच्या पिढीने अनुत्तरित सोडला. चीनने २०१७ पासून कंपन्यांना अशा पेटाऱ्यातून काय निघण्याची किती शक्यता आहे ते जाहीर करायला लावले. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही गेममधले पेटारे चक्क जुगारात मोडले. आमच्या दुकानदाराला कोणी विचारले नाही.

आपल्याकडे मुंबईचा जुगारबंदी कायदा १८८७ चा आहे आणि निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे कौशल्य कुठे संपते आणि नशीब कुठे सुरू होते यावर वकिलांची घरे चालली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा करून हा वादच बाजूला ठेवला. जिंकल्यावर पैसे परत मिळतील या आशेने पैसे लावायचा ऑनलाइन खेळ बंद, मग त्यात कौशल्य असो वा नशीब. मुंबईच्याच 'ड्रीम इलेव्हन'ने लगोलग पैशांच्या स्पर्धा थांबवून फुकट खेळाची वाट धरली.

यातून निघणारे तत्त्व सूक्ष्म आहे. पैसे परत मिळण्याची आशा असेल तर खर्च आक्षेपार्ह आणि मुळीच आशा नसेल तर निर्दोष. सोनेरी अंगरख्यासाठी दिलेला रुपया कधीच परत येत नाही. सबब तो कायद्याच्या नजरेत सात्त्विक आहे. गीतेतल्या निष्काम कर्माशी त्याचे साम्य वाचकांनी स्वतंत्रपणे तपासावे.

४. निर्बंधप्रकरण

फुकट खेळाला दोन दिशांनी कुंपण असते. एक बाहेरून पडते, एक आतून.

बाहेरच्या कुंपणाचा इतिहास छोटा पण धावपळीचा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यात 'पबजी मोबाइल' गेला. जुलै २०२१ मध्ये तो नवे नाव घेऊन 'बीजीएमआय' म्हणून आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानांतून उतरला आणि मे २०२३ मध्ये परत आला. परतताना वेळेची मर्यादा घेऊन आला: अठराखालच्यांना दिवसाला ३ तास, मोठ्यांना ६ तास. लहानांसाठी खर्चाची मर्यादा आधीपासूनच होती, दिवसाला ७,००० रुपये. आमच्या इमारतीत हा आकडा वाचून दाखवल्यावर सेक्रेटरी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "ही मर्यादा आहे की टार्गेट?"

वयाची अटही अभ्यासण्यासारखी आहे. पोराने जन्मसाल स्वतःच भरायचे. प्रस्तुत लेखकाने कट्ट्यावर अनौपचारिक शिरगणती केली असता, इयत्ता सातवीतला एक मुलगा कागदोपत्री त्याच्या आईपेक्षा तीन वर्षांनी मोठा निघाला.

आतले कुंपण अधिक कल्पक असते. 'कँडी क्रश'मध्ये खेळणाऱ्याला पाच प्राण मिळतात. शास्त्रातही प्राण पाचच सांगितले आहेत, तेव्हा हा योगायोग नसावा. फरक इतकाच की तिथला गेलेला प्राण तीस मिनिटांनी आपोआप परत येतो, आणि घाई असेल तर पैसे देऊन लगेच आणता येतो. आता हा जो अर्ध्या तासाचा खोळंबा आहे, तो ना पावसाने आला ना मेगाब्लॉकने. तो कंपनीने स्वतः बसवला आणि त्यातून सुटकाही तीच विकते. आधी नळ बंद करायचा आणि मग टँकर पाठवायचा, या व्यवसायाची उपनगराला वेगळी ओळख करून द्यायला नको.

५. पूर्वपक्ष

पूर्वपक्षी सेक्रेटरी. त्यांचे म्हणणे असे: "फुकटात दिलेल्या गोष्टीवर तक्रार कसली? नको तर खेळू नका. आणि खेळायचंच आहे तर आपलं टेबल टेनिस आहे ना खाली."

हा पक्ष वरवर पाहता भक्कम आहे. परंतु टेबल टेनिसचा दाखला त्यांनी द्यायला नको होता. त्याची रचना अशी: टेबल फुकट, जाळी फुकट. बॅट ऑफिसातून, डिपॉझिट भरून. बॉल ऑफिसातूनच घ्यायचा, बाहेरचा चालत नाही. दुपारी दोन ते चार बंद, कारण वरचे झोपतात. ज्यांचा मेंटेनन्स थकला आहे त्यांच्या मुलांनी खेळू नये, फक्त पाहावे. म्हणजे आभासी चलन, वेळेचे कुंपण आणि कुलूपबंद प्रवेश या तिन्ही गोष्टी सेक्रेटरींनी एकाही प्रोग्रामरच्या मदतीशिवाय स्टिल्ट पार्किंगमध्ये उभ्या केल्या आहेत. हे दाखवून दिल्यावर ते म्हणाले, "तो वेगळा विषय आहे, तो एजीएममध्ये घ्या."

६. लोकलदृष्टान्त

पैसे घेऊन एकाला जास्त देणे हे मुळातच पाप आहे काय? याचे उत्तर बोरिवलीकर रोज सकाळी देतो. एकाच गाडीला सेकंड क्लास असतो आणि फर्स्ट क्लासही. किमान भाडे एकीकडे ५ रुपये, दुसरीकडे २५. फर्स्ट क्लासवाल्याला गादी मिळते आणि घाम पुसायला कोपर उचलण्याइतकी जागा मिळते. पण चर्चगेटला तो सेकंड क्लासवाल्याच्या एक सेकंदही आधी पोहोचत नाही. पैशाने बूड सुखावते, घड्याळ हलत नाही. फास्ट गाडी जास्त पैशांची नाही. सगळ्यांचीच आहे आणि सगळ्यांनाच तिच्यात शिरता येत नाही. इतका निष्पक्ष गेम अद्याप कोणी बनवलेला नाही.

मग २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून पहिली एसी लोकल चर्चगेटला निघाली. तेव्हा कोणी रुळावर उतरले नाही, 'आपल्याला काय, ज्याला परवडेल तो जाईल' असेच लोक म्हणाले. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने आणखी १० एसी फेऱ्या सुरू केल्या, आणि त्या साध्या लोकलच्या जागी घातल्या. कळव्याला प्रवासी रुळांवर आले, बदलापूरला निदर्शने झाली, आणि काही दिवसांतच त्या फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. गाडी तीच, गारवा तोच, तरी २०१७ मध्ये कौतुक आणि २०२२ मध्ये संताप. कारण पहिल्या वेळी जादा काही विकले जात असल्याचे वाटत होते आणि दुसऱ्या वेळी होते ते काढून त्याची जागा विकली जात होती.

यावरून विक्रीचे तीन प्रकार सिद्ध होतात: *सजावट*, *सरशी* आणि *सुटका*. सजावट विकावी, त्याला हरकत नाही. सरशी विकली की खेळ संपतो, कारण मग जिंकायला फक्त कार्ड लागते. आणि सुटका विकणाऱ्याला एकच विचारावे, अडकवले कोणी?

७. उत्तरपक्ष

इथे ग्रंथ संपायला हवा होता. सोनेरी अंगरखा ही सजावट. सबब तिघांचा दावा खारीज. प्रस्तुत लेखक हा निकाल घेऊन कट्ट्यावर गेला. तेव्हा तिघांतला सर्वांत लहान, सहावीतला, म्हणाला, "काका, ड्रेसचं नाहीये काही. ड्रेसने पॉवर नाही वाढत. हे बघा."

त्याने मोबाइल पुढे केला. काचेला कोपऱ्यापासून तडा गेलेला. मॅच नुकतीच संपली होती. पडद्यावर बक्षिसांच्या दोन ओळी होत्या. खालची त्याची: थोडी नाणी, एक टोपी. वरच्या ओळीत हेल्मेट, पॅराशूट, जॅकेट, आणि प्रत्येकावर छोटेसे कुलूप. "हे सगळं मी जिंकलोय. मॅच मीच खेळलो ना? पण पास नाही म्हणून देत नाहीत. आणि प्रत्येक वेळी दाखवतात."

शास्त्राला इथे थांबावे लागले. कारण या गोष्टीला नेमका शब्द गेमच्या परिभाषेत नाही, लग्नाच्या मांडवात आहे: *पंक्तिप्रपंच*. खानावळीत साधी थाळी असते, स्पेशल थाळीही असते. त्याला कोणी पंक्तिप्रपंच म्हणत नाही. परंतु एकाच पंगतीत बसवून, जिलबीचे ताट घेतलेला वाढपी तुमच्या पानासमोर येतो, दोन क्षण थांबतो, एक जिलबी उचलून तुम्हाला दाखवतो आणि शेजारच्याच्या पानात टाकतो, तेव्हा तो अपमान आहे. पंगतीचे जेवण फुकट होते, हा त्यावर खुलासा होऊ शकत नाही.

आणि पंगत असते कोणाची? मैदानावर शंभर माणसे उतरतात म्हणून सोनेरी अंगरखा कोणाला तरी दिसतो. फुकट खेळणारे म्हणजे कंपनीने पोसलेले पाहुणे नव्हेत, पासवाल्याने विकत घेतलेल्या मालाचा तेच मोठा भाग आहेत. गल्ली क्रिकेटने हे फार आधी ओळखले होते. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग, हे सर्वांना मान्य. पहिल्या बॉलला तो आउट झाला तर 'ट्रायल बॉल होता' हेही मान्य. पण आपली बॅटिंग झाल्यावर बॅट काखेत मारून घरी जाणे मान्य नाही. आणि सर्वांत धाकट्याला, ज्याला ना बॅट नीट धरता येते ना बॉल टाकता, 'कच्चा लिंबू' म्हणून आत घेतले जाई. तो आउट झाला तरी आउट नसे. त्याचे रन मोजत नसत, पण त्याने रन काढला की टाळ्या वाजवत. फुकट खेळणाऱ्याला कसे वागवावे याची जगातली सर्वांत जुनी नियमावली हीच असावी, आणि ती दहा वर्षांच्या मुलांनी लिहिली.

सिद्धान्त: जे विकायचे ते विका. ते घेणाऱ्याच्या पानात वाढा. न घेणाऱ्याच्या पानासमोर थांबू नका, कारण तो उठला तर पंगत उठते.

८. फलश्रुती

शास्त्रग्रंथाच्या शेवटी पठणाचे फळ सांगायची रीत आहे. प्रस्तुत लेखकाला मिळालेले फळ येणेप्रमाणे.

जूनच्या पहिल्या पावसात, पावणेआठच्या सुमारास, तिघांच्याही घरांतून एकापाठोपाठ हाका आल्या. दोघांच्या आया खिडकीतून ओरडल्या, सहावीवाल्याची आजी छत्री घेऊन खालीच आली. कट्ट्यावर पासवाला एकटा उरला. त्याचे आईवडील अंधेरीहून साडेनऊला येतात. थोडा वेळ तो एकटाच खेळला. मग मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे आला.

"काका, तुमच्याकडे लुडो आहे ना?"

मी लुडो उघडला. माझा तो फुकटवाला, त्यामुळे आधी जाहिरात. तीस सेकंद दोघेही एका पडद्याकडे पाहत बसलो. जाहिरात नेमकी त्याच्याच गेमची निघाली. ठिणग्या उडाल्या, धुरातून एक माणूस चालत आला आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहून त्याने सोनेरी अंगरखा झटकला.

"हा ड्रेस माझ्याकडे आहे, काका," तो म्हणाला.

मग जाहिरात संपली, आणि त्याने लाल सोंगट्या घेतल्या.